चार बोटांची माय

दुपारी तीनच्या सुमाराला कचेरीसमोरच्या लग्नमांडवात भोंगा सुरू झाला आणि त्यातून जळबाचा आवाज आला. मी हिंगोलीत आवक-जावक कारकून. त्या वेळी गोरेगावहून आलेल्या एका अर्जाचा नंबर रजिस्टरात टाकत होतो. हात जागच्या जागी थांबला. निबेखाली शाईचा ठिपका पसरत गेला आणि मी तो नुसता बघत राहिलो. भोंगा भल्याभल्यांच्या आवाजाची माती करतो. पण जळबाचा आवाज त्या पत्र्यातूनही जसाच्या तसा आला, दहा वर्षांपूर्वी पुसेगावला ऐकायचो तसा, वर जाताना जरा चिरणारा आणि चिरला की जास्तच गोड होणारा. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, याचा आवाज अजून बसला नाही. मुंबईत दहा वर्षं गिरणीची धूळ खाऊनही बसला नाही. मग शब्द कानावर पडले.

भाकरीवर उठली बोटं,
मोजली मी चार, गं माय;
पाचवं राहिलं परक्या रानी
जोंधळ्याच्या पार, गं माय.

टाइपरायटर थांबला. शिपाई दारात जाऊन उभा राहिला. आमचे हेडक्लार्क उकंडराव म्हणजे गाण्याचं वावडं असलेला माणूस, भजनातसुद्धा घड्याळ बघणारा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काय गाणं हाय राव," ते म्हणाले, "कोणाचं हाय म्हणावं?" आणि मी बोलून गेलो, "माझं हाय." सगळे माझ्याकडं बघायला लागले. नऊ वर्षं त्या खुर्चीवर बसून मी कधी कोणाला बघावासा वाटलो नव्हतो. "मी रचेल हाय. गाणारा आमच्या पार्टीतला ढोलकीवाला. गेला मुंबईला घेऊन." घेऊन गेला हे मी अशा आवाजात म्हणालो की चोरून हा शब्द मला उच्चारावाच लागला नाही. उकंडरावांनी च्च केलं. "आन् आईचं बोट? खरंच गेलतं?" मी म्हणालो, "व्हय. विळ्यानं. सुगीत." एवढं बोलून मी शेवटच्या कडव्याची वाट बघायला लागलो, कारण जे काय ठरायचं होतं ते तिथं ठरणार होतं. पण तिसरं कडवं संपलं, पेटी वाजली, सुई उचलल्याचा खर्रकन आवाज झाला आणि भोंग्यातून सिनेमातलं काहीतरी नाचरं सुरू झालं. चौथं कडवं आलंच नाही.

गायन पार्टीत वाढलेल्या माणसालाच माझी तगमग कळेल. आमच्यात गाणं कागदावर नोंदवत नाहीत. ज्यानं रचलं तो शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, आणि जिथं नाव तिथं मालकी. दुसऱ्याचं गाणं खुशाल म्हणावं, पण नाव त्याचं घ्यावं लागतं. नाव बदललं की त्याला नाव खाल्लं म्हणतात आणि नाव खाणाऱ्याच्या पार्टीला कोणी कार्यक्रमाची सुपारी देत नाही. कचेरी सुटल्यावर मी तडक किसनसिंगच्या दुकानात गेलो. भोंगे, दिवे, रेकॉर्डी भाड्यानं देण्याचा त्याचा धंदा. त्यानं त्या गाण्याच्या रेकॉर्डीचा तवा दाखवला. लेबलावर जळबा पुसेगावकर आणि पार्टी, एवढंच. रचणाऱ्याची ओळच नव्हती. "आख्खा गाना इसमें कहाँ बैठता, मास्टर," किसनसिंग म्हणाला, "तीन मिनट का तवा है. चौथा अंतरा सुनना है तो प्रोग्राम में जाव." त्यानं तवा परत पाकिटात घातला. माझ्या बोटाला तव्यावरची बारीक धूळ लागली होती, ती मी धोतराला पुसली, आणि मग उगाच पुन्हा पुसली.

घरी आलो तर मालन, माझी बायको, दिवा पुसता पुसता तेच गाणं गुणगुणत होती. बुद्धवाड्यापर्यंत भोंगा ऐकू गेला होता. मी म्हणालो, "बंद कर ते." ती म्हणाली, "का हो? तुमचंच तं हाय म्हणता. मंग मी म्हणलं तं काहून राग येऊन राहिला?" मालनचं हे असं. तिला वाटतं सरळ विचारलं की सरळ उत्तर येतं. चुलीपुढं माझी आई, लक्ष्मीबाई, भाकरी थापत होती. तिची थाप एका लयीत चालली होती, आणि परातीतल्या भाकरीवर तिच्या बोटांचे ठसे उठत होते, पाच या हाताचे, पाच त्या हाताचे. माझ्या आईची दहाही बोटं शाबूत आहेत. लपवून काय करू, सांगायला बसलोच आहे. बोट गेलं ते भिकाबाईचं, जळबाच्या आईचं, डाव्या हाताची करंगळी. पुसेगावच्या शिवारात, ज्वारीच्या सुगीत. शेजारच्या तासाला, म्हणजे पिकाच्या ओळीला, माझी आई होती. तिनंच आपल्या पदराची पट्टी फाडून तो हात बांधला होता. गाणंही जळबाचंच. त्याच्या आईचं, त्यानं रचलेलं, चालसुद्धा त्याचीच. माझं त्यात काय होतं ते तीन अक्षरांचं नाव, सोनाजी, तेही मी घुसवलेलं.

पण असत्य तेरा वर्षं सांभाळलं की ते सत्यापेक्षा जास्त जवळचं वाटायला लागतं. मला ते गाणं रचताना आठवायचं, खोटं कशाला बोलू. कंदील, कागद, खोडलेली ओळ, सगळं आठवायचं. आठवण माणसाची बटीक असते, म्हणाल ते आणून देते. फक्त एक गोष्ट ती कधी बदलून देत नसे, ती म्हणजे कळमनुरीची दुपार. आमच्या पार्टीला तेव्हा चार वर्षं झाली होती. पेटी आणि मुख्य गाणं माझं, ढोलकी जळबाची, बाकी कोरस. जळबा माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा, पेटी डोक्यावर घेऊन चालायचा. कोरसमध्ये तो तोंड उघडायचा तेव्हा ऐकणाऱ्यांच्या माना हळूच त्याच्याकडं वळायच्या. मला ते पेटीवरून दिसायचं. मी त्याला सांगायचो, "जळबा, ढोलकीला तुझ्यासारखा हात जिल्ह्यात न्हाई." हे खरं होतं. खऱ्या गोष्टीनं माणसाला जितकं खाली दाबून ठेवता येतं तितकं खोट्यानं येत नाही.

कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी मुकाबला होता. समोर नांदेडकडच्या रूपाबाईची पार्टी. सकाळी पायी जाताना जळबा माझ्या बरोबरीला आला, लाजत लाजत म्हणाला, "दादा, एक गाणं झालंय. दुरुस्त करून द्या." आणि चालता चालता त्यानं ते म्हटलं. पायाखालची वाट मला दिसेना. मी त्याला तीनदा म्हणायला लावलं, दुरुस्तीच्या नावाखाली; तिसऱ्यांदा मला पाठ झालं होतं. मग म्हणालो, "बरं हाय. दोन जागी लंगडतंय." कुठंच लंगडत नव्हतं. दुपारी रूपाबाईनं आईवर गाणं म्हणून बायकांच्या डोळ्यांना पदर लावले आणि माईकवर आव्हान दिलं, "आता पुसेगावकरांनी त्यांची माय सांगावी." मुकाबल्यात समोरचा ज्यावर गातो त्यावरच उत्तर द्यावं लागतं. माझ्याकडं दीक्षेवर होतं, दारूवर होतं, हुंड्यावर होतं, बाबासाहेबांवर तर चाळीस होती. आईवर एक नव्हतं. आई घरातच होती, तिच्यावर गाणं रचायचं मला कधी सुचलं नव्हतं. मागून जळबा हळूच बोलला, "दादा, सकाळचं म्हणा की."

मी म्हटलं. पहिल्या कडव्याला बाजार गप्प झाला, दुसऱ्याला मिरचीवाल्या बायका पाट्या सोडून पुढं आल्या. आणि तिसरं म्हणत असतानाच मला चौथं दिसायला लागलं. पाटी धरली ज्या हातानं, त्यात तुझा आधार, गं माय. जळबा गं म्हणे, चार बोटांनी उचललास भार, गं माय. मी पुढं मनाची समजूत घातली की ती जिभेची सवय होती. चार वर्षं शेवटी सोनाजी म्हणत आलेली जीभ, ती तशीच वळली. पण जीभ एवढी आंधळी नसते. एक आख्खं कडवं मला ठाऊक होतं मी काय करणार आहे. समोर एक म्हातारा डोकं धरून रडत होता, आणि माझ्या मनात आलं की, या माणसानं घरी जाऊन जळबाचं नाव घ्यावं? पेटी मी ओढतोय, घसा माझा फाटतोय, आणि नाव मागे बसलेल्या पोराचं? सोनाजी म्हणे, चार बोटांनी. नाव चपखल बसलं. ढोलकीचा एक ठोका इकडचा तिकडं झाला नाही. मला वाटलं होतं होईल. तसं झालं असतं तर पुढच्या ओळीला मी चूक सावरली असती, असंही मी स्वतःला सांगत आलो आहे. रूपाबाईनं उठून मला हात जोडले. माझ्या डोक्याला फेटा बांधला. परतताना जळबा म्हणाला, "लई शोभलं दादा तुमच्या तोंडी." मी म्हणालो, "ते नावाचं... ओघात झालं." तो म्हणाला, "जाऊ द्या." आणि मी जाऊ दिलं. पुढल्या आठवड्यात सेनगावला मी ते गाणं पुन्हा म्हटलं आणि पुन्हा सोनाजीच म्हटलं. पहिल्या वेळेला ओघ म्हणता येतो, दुसऱ्या वेळेला नाही. पुसेगावात कोणी खवचटपणे बोटाचं विचारलंच तर म्हणायचो, भिकामावशी काय नि आई काय, वस्तीची माय एकच.

सहासष्टला जळबा मुंबईला गेला. जाण्याआधी त्यानं एकदाच विचारलं होतं, "दादा, कधी दोन गाणी म्या पुढं बसून म्हणू का?" मी ढोलकीच्या हाताचं तेच सांगितलं. तो गेला आणि सहा महिन्यांत पार्टी मोडली. मला नोकरी लागली. मी सुखी झालो असतो, जर मुंबईची बातमी हिंगोलीला पोचत नसती. पण चांगली बातमी पायी चालत येत नाही, उडत येते. जळबा चाळीत गायला. जळबा मैदानात गायला. जळबा रेडिओवर लागला. त्यानं भिकाबाईला मुंबईला नेलं. एकदा कोणीतरी हँडबिल आणलं, त्यावर त्याचा फोटो, कोट घातलेला, भांग पाडलेला, खाली सुप्रसिद्ध. मी ते हँडबिल घडी करून खिशात ठेवलं आणि कचेरीच्या संडासात जाऊन पुन्हा उघडलं. कोट त्याला सैल होत होता. खांद्याला झोळ पडला होता. त्या झोळावर मी आठवडाभर जगलो. मग तो नागपूरला गायल्याचं कळलं, मग मोटारीनं फिरतो म्हणून कळलं, आणि भिकाबाई वारली तेव्हा शेकडो माणूस गेलं होतं म्हणून कळलं. मी मयतीचाही हेवा केला. मोरीत अंघोळ करताना मी पाणी जोरात सोडून वरची पट्टी लावून बघायचो. आवाज चढायचा, पण वर गेल्यावर त्याला काही सुचायचं नाही. घसा चांगलाच होता माझा. चांगलाच होता, इतकंच. हे एक वाक्य मला आयुष्यात कोणी तोंडावर सांगितलं नाही, मीच रोज पाण्याच्या आवाजात ऐकलं.

म्हणून ते चौथं कडवं मला हवं होतं. त्यात जळबाचं नाव असेल तर त्यानं मला पुसून टाकलं, मग मी राजरोस चिडायला मोकळा, चोर म्हणायला मोकळा. माझ्याच चोरीचा माल त्यानं परत नेला म्हणून मी त्याला चोर म्हणणार होतो. आणि खरं सांगतो, त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. गावभर मी तेच पसरवलं. बोटाची गोष्ट लोक खोदून विचारायचे, मी प्रत्येक वेळी थोडी वाढवायचो. रक्त किती गेलं, कसं बांधलं. पदराची पट्टीसुद्धा मी सोडली नाही. तेवढ्यात मे महिन्यात भिंतींवर कागद लागले: मुंबईचे सुप्रसिद्ध गायक जळबा पुसेगावकर, हिंगोलीत प्रथमच. परवानगी दिवेलागणीपर्यंतचीच होती म्हणून कार्यक्रम चारला. उकंडराव म्हणाले, "मी येतो तुमच्या संगं. बघू नं, तुमच्या तोंडावर कसा नाव खातो ते." आता मात्र माझी झोप उडाली. चार भिंतींत चिडणं वेगळं आणि हजार माणसांत जळबानं आपलं नाव घेऊन, वर ही माझ्या भिकामायची गोष्ट आहे असं सांगणं वेगळं. मालन म्हणाली, "आत्याबाईलाबी नेऊ. त्यायच्यावरचं गाणं हाय." आई म्हणाली, "जळबा येऊन राहिला व्हय? मंग येते मी." मी आजारी पडायचा विचार केला. पण मत्सर ही अशी चीज आहे की ज्याचं तोंड बघवत नाही त्यालाच बघायला पाय ओढत नेते.

तो जाड झाला होता. मला आधी बरं वाटलं. चष्मा लागला होता, केस पुढून गेले होते, बसताना त्यानं गुडघ्याला हात लावला. मग त्यानं सूर लावला आणि माझं बरं वाटणं संपलं. मी चुका शोधत होतो. श्वास कुठं घेतो, ओळ कुठं तोडतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत एक चूक सापडली नाही, आणि चौथ्याला मी शोधायचं विसरून गेलो, हे लक्षात आल्यावर मला माझाच राग आला. बायकांच्या बाजूला, सतरंजीवर पुढंच, आई आणि मालन बसल्या होत्या. आई गुडघ्यावर हनुवटी टेकून त्याच्याकडं बघत होती, मला आठवत नाही तिनं माझ्याकडं गाताना कधी तसं बघितलेलं. लोक ओरडायला लागले, "माय म्हणा! चार बोटं म्हणा!" जळबानं पेटीवाल्याकडं बघून मान हलवली. उकंडरावांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. मी धोतराचा सोगा मुठीत पिळत होतो हे त्यांनी बघितलं असणार. त्यांना वाटलं रागानं.

पहिलं कडवं. दुसरं. कळमनुरीला बाजार गप्प झाला होता, इथं तसं झालं नाही. इथं लोक त्याच्याबरोबर म्हणत होते, हजार तोंडं, आणि ते मला जास्त लागलं. तिसरं. उठून जावं असं वाटलं, पण मधोमध बसलो होतो. जळबानं डोळे मिटले. पाटी धरली ज्या हातानं. मी उकंडरावांना काय सांगायचं ते जुळवत होतो. त्यात तुझा आधार, गं माय. आणि तो वर गेला, तिथंच जरा चिरला, आणि म्हणाला, सोनाजी म्हणे.

सोनाजी म्हणे, चार बोटांनी. त्यानं ते दोनदा म्हटलं, आळवून, माझ्या नावातल्या सो वर सूर धरून. माझं नाव इतकं सुंदर मी कधी ऐकलं नव्हतं. उकंडराव माझी पाठ थोपटत ओरडले, "अहो, तुमचं नाव! तुमचं नाव घेतलं त्यानं!" आजूबाजूच्या माना वळल्या. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मला वाटलं माझ्या खिशातून काहीतरी काढून घेतलं कोणी. इतकी वर्षं जोपासलेलं माझं भांडण त्यानं एका ओळीत मिटवून टाकलं होतं. आता त्याचा हेवा करायला माझ्याकडं कारण म्हणून उरलं ते एकच, तो चांगला गातो. गाणं संपलं तेव्हा जळबा माईकवर म्हणाला, "ह्या गाण्याचे कवी तुमच्या हिंगोलीतच ऱ्हातात. माझे दादा. आले असले तं वर या." लोकांनी मला उचलूनच वर नेलं म्हणा. जळबा वाकला आणि हजार माणसांसमोर माझ्या पायाला हात लावला. तो उठत असताना मी त्याच्या कानात विचारलं, "काहून केलंस हे?" तो हसला, अगदी पेटी डोक्यावर घेऊन चालणारा जळबा हसायचा तसा. "मुंबईला हे गाणं पहिल्यांदा म्हणायला उभं ऱ्हायलो तवा मायला विचारलं, नाव कोणाचं घेऊ? माय म्हणली, ऱ्हाऊ दे सोनाजीचं. तुला देवानं गळा देला. त्या लेकरापाशी दुसरं काय हाय?" तो हे मायेनं सांगत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

माझ्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं. भिकाबाईनं, त्या चार बोटांच्या बाईनं, मला दान घातलं होतं, आणि मी ते इतकी वर्षं आपली कमाई म्हणून मिरवत होतो. मी माईक हातात घेतला. चांगुलपणा म्हणून नव्हे. मला त्यांचं देणं नको होतं, तोंडावर परत फेकायचं होतं. "हे गाणं माझं न्हाई," मी म्हणालो. "ऐका सगळे. रचलं जळबानं, चाल त्याची, माय त्याची. म्या कळमनुरीला त्याचं नाव खाल्लं." आवाज फाटला माझा. मग मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. उकंडराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. "बघा, केवढं मन!" कोणीतरी ओरडलं. "आपलं गाणं शिष्याला देऊन टाकलं!" मी हात हलवून न्हाई न्हाई म्हणत होतो, आणि जितका म्हणत होतो तितक्या टाळ्या वाढत होत्या. जळबानं माझ्या हातातून माईक हळूच घेतला आणि म्हणाला, "दादा असेच हायेत. गाणं त्यायचंच."

खाली उतरलो तेव्हा बायकांनी आईला गराडा घातला होता. एकीनं तिच्या पायावर डोकं ठेवलं, दुसरी लेकराला पुढं करून म्हणत होती, "माय, तो हात याच्या डोक्यावर ठेवा, चार बोटांचा." मालन कौतुकानं बघत उभी होती, मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं आणि तिचा चेहरा उतरला, रोज ती त्या हाताचीच भाकरी खात होती आणि त्याची पाचही बोटं बघत होती, गाण्यातलं बोट तिनं आजवर नुसतं गाणं म्हणून सोडून दिलं होतं. आईनं उजवा हात लेकराच्या डोक्यावर ठेवला. डावा तिनं पदरात गुंडाळून छातीशी धरला होता, मूठ आवळून. "दाखवा नं माय," बायका म्हणत होत्या. "ऱ्हाऊ द्या गं," आई म्हणाली, "त्यात काय बघायचं."

दुसऱ्या दिवसापासून लोक घरी यायला लागले. कळमनुरीहून एक म्हातारा आला, औंढ्याहून तीन बाया आल्या. दारात कोणाची चाहूल लागली की आईचा हात पदरात जायचा. भाकरी ती दार लावून थापायला लागली, मेच्या उकाड्यात, चुलीच्या धुरात खोकत. मालन माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मीच आईपुढं बसलो आणि म्हणालो, "काढ तो हात भाईर. लोकायला दाव. मी सांगतलं तं कोणी मानत न्हाई, तुझी बोटं बघून मानतील. माझं खोटं झाकायला तू कायले तरास काढून राहिलीस?"

आईनं परातीतलं पीठ एका बाजूला ओढलं आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं. "तुझं कोण झाकून राहिलं?" ती म्हणाली. "जळबानं एवढ्या माणसांत सांगतलं, गाणं तुझं हाय म्हणून. त्या लेकराचा शबूद खोटा पाडू का म्या?"

बाहेर कोणीतरी कडी वाजवली. आईनं हात धुतला, पुसला आणि पदरात घेतला, आणि मला म्हणाली, "जा, दार उघड."